उचलला कशाला?

मागच्या महिन्यात एका मुलाची जाहिरात मी बिघडवली. न विचारता सल्ला दिला असं म्हणायची सोय नाही, कारण त्याने विचारलं होतं. फक्त त्याने विचारलं एक आणि मी सांगून बसले दुसरंच. घरी येऊन मेथी निवडताना, दुसऱ्या दिवशी बँकेत काउंटरवर बसल्या बसल्या, रात्री गॅस बंद केलाय का हे दुसऱ्यांदा बघायला उठले तेव्हा, सारखं तेच दिसत राहिलं. तो पेनचं टोपण दातात धरून माझं वाक्य कागदाच्या कडेला बारीक अक्षरात लिहून घेतोय.

फर्ग्युसन रस्त्यावर काम होतं, ते लवकर आटपलं म्हणून वैशालीत शिरले. एकट्या माणसाने तिथे स्वतंत्र टेबलाची आशा धरू नये. नावं लिहून घेणाऱ्याने मला तिघांच्या टेबलावरच्या चौथ्या खुर्चीत बसवलं आणि ‘चालेल ना?’ हे त्यांना विचारलं, मला नाही. दोन मुलगे, एक मुलगी. मध्ये एक एसपीडीपी, म्हणजे शेव-बटाटा-दही-पुरी, तीन चमचे आणि जर्नलचा कोरा कागद, त्यावर पट्टीने आखलेले आठ चौकोन. पहिल्या चौकोनात पेन्सिलीने काहीतरी काढलं होतं. मला आधी तो काजू वाटला. तो कान होता.

मोबाईलची टीव्हीवरची जाहिरात करायची होती. कॉलेजचं काम होतं की कुठली स्पर्धा, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. चौकोन आखणारा मुलगा हळू बोलत होता, पण त्याचे हात थांबत नव्हते. एक आजी. नातू परदेशात. त्याचा व्हिडिओ कॉल येतो आणि आजी सवयीने फोन कानाला लावते. त्यामुळे नातवाला, म्हणजे आपल्याला, सबंध जाहिरातभर दिसतो तो फक्त कान. मोत्याची कुडी, कानामागे खोचलेली पांढरी बट, मान हलली की मागचा पंखा. आजी सांगतेय, यंदा प्राजक्त असा फुललाय म्हणून सांगू, सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नसते, हा बघ, बघ ना. आणि फोन कानावरच. पलीकडून नातू म्हणतो, ‘दिसतोय आजी. खूपच फुललाय.’

संपली जाहिरात.

‘यात फोन कुठाय?’ मुलीने विचारलं. ‘अगं, आपण फोनमधूनच बघतोय ना, मग फोन कसा दिसेल?’ ती हातातल्या मोबाईलवर सेकंद मोजत होती. संवाद पुटपुटून म्हटला तरी चौतीस सेकंद भरत होते आणि हवे होते तीस. टीव्हीवरची जागा दहा-दहा सेकंदांच्या मापाने विकतात, तिथे चार सेकंद म्हणजे थोडके नाहीत. ‘पाय ठेवायला जागा नसते’ कापू या, ती म्हणाली. दुसरा मुलगा एसपीडीपीच्या तळाचं दही खरवडत होता, त्याचं काहीच मत नव्हतं. मी डोशाकडे बघायचा प्रयत्न करत होते. पण टेबल एवढंसं, आणि पुण्यात शेजारच्याचं बोलणं ऐकायचं नाही म्हटलं तर माणसाने बाहेर पडायलाच नको.

मग तो एकदम माझ्याकडे वळला. ‘काकू, एक विचारू? तुमच्या घरी कुणी असं करतं का? व्हिडिओ कॉल कानाला लावतं का?’

एवढाच प्रश्न. हो किंवा नाही. आणि उत्तर ‘हो’ होतं, ठसठशीत हो. गेली काही वर्षं मी माझ्या वडिलांचा कान बघतेय. पाळीला लहानपणी टोचलेलं, आता बुजत आलेलं भोक, आत वाढलेले पांढरे केस, आणि पलीकडे गावच्या घराचा पत्रा. ‘आप्पा, फोन समोर धरा’ असं मी म्हणते, मग क्षणभर त्यांची हनुवटी दिसते आणि परत कान. हे सगळं त्या मुलाला सांगता आलं असतं. ते सोडून मी म्हणाले, ‘शेवटी तो नातू खरंच दारात येतो असं दाखव ना. आजी कानाला फोन लावून बोलतेय, आणि मागून तो. छान वाटेल.’

दह्यावाल्या मुलाने पहिल्यांदाच मान वर केली. ‘हां, इमोशनल होईल.’ मुलगी म्हणाली, ‘क्लायंटला आवडेल.’ चौकोनवाला माझ्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे. मुलं आता आपल्यावर रागावत नाहीत, आपण त्या वयाच्या पलीकडे गेलो. ‘करता येईल,’ म्हणाला. टोपण दातात धरलं आणि आठव्या चौकोनाच्या कडेला लिहिलं: नातू येतो. प्रश्नचिन्ह न देता. मग त्यांचं बिल आलं.

आता यात एवढं काय, असं कुणीही म्हणेल.

२००३ साली मी सदाशिव पेठेत एका वाड्यात कॉट बेसिसवर राहायचे. एका खोलीत चार कॉटा, चार ट्रंका, भिंतीवर मालकीणबाईंच्या अक्षरातल्या सूचना. पाणी सकाळी सहा ते सात. पाहुण्यांना जिन्याच्या खालीच भेटावे. रात्री नऊनंतर मालकांच्या फोनवर फोन मागवू नयेत. त्या शेवटच्या पाटीमुळे मामाने त्याचा जुना नोकिया तेहेतीस दहा मला देऊन टाकला. वाड्याच्या भिंती हातभर जाड, आत रेंजचं नाव नाही. ती मिळायची फक्त मागच्या सज्जात, सामाईक नळाच्या डोक्यावर, तेही कठड्याला पोट टेकून बाहेर वाकलं तर. खाली कुणीतरी बादली घासत असायचं, नाकात शेवाळाचा आणि निरम्याचा वास. माझ्या पहिल्या सगळ्या फोनांना तोच वास आहे. टीव्हीवरच्या जाहिरातींमध्ये माणसं डोंगरावर उभी राहून, वाऱ्यावर केस उडवत फोनवर हसायची. ‘हॅलो, हॅलो, आवाज येतोय का’ म्हणत कुणी नळावर वाकलेलं दिसायचं नाही.

मोबाईल तेव्हा नुकता आपल्यासारख्यांच्या हाताला लागत होता. ३१ जुलै १९९५ ला बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला, तेव्हा गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपयांच्या वर पडायचे. पुढे दर उतरत गेले, तरी आलेल्या फोनचेही पैसे आपणच द्यायचे. मामा तर ‘बोल’ म्हणायच्या आधी मनगटावरचं घड्याळ बघायचा. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. रिलायन्सने पाचशे एक रुपये भरा आणि फोन घेऊन जा अशी योजना काढली आणि पेपरवाल्यापासून गुरुजींपर्यंत सगळ्यांच्या खिशाला फुगवटा आला. त्याच वर्षी हच या मोबाईल कंपनीची ती मुलगा आणि पग कुत्र्याची जाहिरात लागायची. मालकीणबाईंकडे मालिका बघायला आम्ही चौघी जायचो ते खरं तर तिच्यासाठी. मुलगा जाईल तिथे ते चपट्या तोंडाचं कुत्रं मागोमाग. त्यात कुणी कुणाशी फोनवर बोलत नाही, हे मला फार आवडायचं. मालकीणबाई म्हणायच्या, ‘एवढं कुरूप कुत्रं कुणी मुद्दाम पाळतं का?’ आणि जाहिरात लागली की आतून पदर सावरत बाहेर यायच्या.

आमचा फोन फुकटात चालायचा, कारण आम्ही तो उचलतच नव्हतो. गाव कोरेगाव तालुक्यातलं, घरी लँडलाइन, तिच्यावर नंबर दिसायची सोय नाही. म्हणून रिंगांवर भाषा ठरली होती. एक रिंग देऊन तोडली म्हणजे पोचले. दोन म्हणजे काम आहे, तुम्ही फोन करा. तीन म्हणजे पैसे संपले, आणि तीन मी द्यायचे ते सहसा पंचवीस तारखेनंतर. शिवाय रोज रात्री साडेआठला आप्पांकडून एक रिंग यायची, तिला ठरलेला काहीच अर्थ नव्हता. ती वाजली की मी सज्जात वाकून उलट एक द्यायची. आई सांगायची, तोवर आप्पा ओसरीतल्या खाटेवर बसून असायचे, रिंग ऐकली की उठून दाराला कडी घालायचे आणि दिवा घालवायचे.

या भाषेत घोटाळे व्हायचे. आपल्याला इकडे ऐकू येणारी रिंग आणि तिकडे वाजणारी रिंग एक नसते, इकडची रिंग एक्स्चेंज आपल्याला वेगळीच ऐकवत असतं, हे मला फार उशिरा कळलं. मी एक मोजून तोडायचे आणि घरी कधी कधी दोन वाजलेल्या असायच्या. मग आप्पा घाबरून उलटा फोन करायचे, मी उचलायचे नाही कारण मला वाटायचं ही साडेआठचीच रिंग आहे, आणि ते आणखी घाबरायचे. एकदा गणपतीहून परत येताना खंबाटकीच्या अलीकडे ट्रक आडवा झाला. एसटी तासन् तास जागची हलेना. मोबाईलची बॅटरी मेलेली. पुढच्या सीटवरच्या बाईंनी मोदक वाटले, एका म्हाताऱ्याने झोपेत माझ्या खांद्यावर मान टाकली. वाड्यात पोचायला अकरा वाजून गेले. फोन चार्जिंगला लावला आणि एक रिंग दिली. तर तिकडे सात वाजताच कुणाची तरी, चुकून लागलेली, एक रिंग वाजून गेली होती. माझ्या आधीच मी पोचले होते. आई जेवण करून निजली होती, दाराला कडी होती. रात्री अकराला वाजलेली दुसरी रिंग म्हणजे काय, हे आमच्या भाषेत कुठेच नव्हतं. आप्पा सकाळच्या पहिल्या गाडीने निघून वाड्याच्या जिन्याखाली येऊन उभे राहिले, हातात पिशवी, पिशवीत घाईघाईत कोंबलेल्या शेंगा. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून.

त्या एसटीतच मला जाहिरात सुचली होती. तो ट्रक निघायची वाट बघताना.

गॅदरिंगला ‘ॲड-मॅड’ असायचं. स्टेजवर जाहिरात करून दाखवायची, बहुतेक जण साबणाची किंवा डासांच्या अगरबत्तीची विडंबनं करायचे आणि हशा वसूल व्हायचा. मी मोबाईलची खरीखुरी जाहिरात बसवली. माझी एक मैत्रीण काजळाची मिशी काढून बाप झाली. ती खाटेवर बसलेली. विंगेतून दुसरी चावीच्या घड्याळाचा गजर अर्धा सेकंद सोडायची. एक रिंग. बाप उठतो. दाराला कडी लावतो. दिवा घालवतो. अंधारात कंपनीचं नाव, तेही मी काल्पनिक ठेवलं होतं, कुठलं ते आता आठवत नाही. पहिल्या फेरीत पोरांनी शिट्ट्या मारल्या नाहीत, एवढ्यावरून मी समजायची ते समजले.

परीक्षक एका जाहिरात कंपनीत काम केलेले होते. माणूस चांगला होता, हे आधीच सांगते. पहिल्या फेरीनंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘कल्पना सुंदर आहे. पण मला सांग, यात कंपनीला काय मिळालं? एक पैसा नाही. तू फोन न करण्याची जाहिरात केली आहेस.’ मी हसले, कारण ते खरंच होतं. ‘शेवटी उचलू दे की त्याला,’ ते म्हणाले. ‘बापलेकीला दोन वाक्यं बोलू देत.’ रात्री सज्जात बसून मी दोन वाक्यं लिहिली. इथे लिहीत नाही, लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी अंतिम फेरी. आप्पा तपकीर गल्लीत मोटारीचा स्टार्टर घ्यायला पुण्यात आले होते, खोकं मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसले. रिंग वाजली, मिशीवाल्या बापाने फोन उचलला, ‘बोल गं बाळ’ म्हणाला, आणि टाळ्या पडल्या. पडणारच होत्या. दुसरं बक्षीस, स्टीलचा डबा. स्वारगेटला त्यांना सोडायला पीएमटीने गेलो, त्यांनी बसभर स्टार्टरबद्दल सांगितलं, दुकानदाराने पन्नास कमी केले वगैरे. एसटीच्या पायरीवर चढताना मागे वळून एकदम म्हणाले, ‘पर त्यानं उचलला कशाला? कळालं हुतं की त्याला.’

मी म्हटलं, ‘जाहिरात आहे आप्पा.’ ‘हां, जाहिरात,’ ते म्हणाले आणि खिडकीजवळची जागा धरायला आत गेले.

पुढे मी जाहिरातीच्या वाटेला गेले नाही. त्याचं खापर त्या परीक्षकांवर फोडायचं नाही. बँकेची परीक्षा पास झाले, आप्पांनी पेढे वाटले, मलाही बरं वाटलं. अधूनमधून एखादी बातमी टोचायची, इतकंच. २०१० मध्ये बंगळुरूत झिपडायल नावाची कंपनी निघाली, तिचा सगळा धंदाच मिस कॉलवर. २०१५ मध्ये ती ट्विटरने विकत घेतली. ती बातमी मी बँकेत डबा खाताना वाचली, आणि तो त्या बक्षिसाचाच डबा होता, असं लिहायचा मोह होतो, पण त्याचं झाकण केव्हाच हरवलं. आता आमच्याच खातेदारांना मी सांगते, ‘या नंबरवर मिस कॉल द्या, शिल्लक किती ते मेसेजने येईल.’ म्हाताऱ्यांना हे एका झटक्यात समजतं. बाकी कुठलीही सुविधा समजवायला पाऊण तास लागतो.

व्होडाफोनच्या जाहिरातींतले झूझू आले तेव्हा, २००९ च्या आयपीएलमध्ये, माझी मुलगी दीड वर्षांची होती. ते पांढरे गोळे दिसले की घास गिळायची. कार्टून नाहीत, कपड्यांच्या आत माणसं आहेत, हे समजल्यावर मला त्या माणसांच्या उकाड्याचीच काळजी लागली. चांगली जाहिरात बघितली की मी अजूनही सेकंद मोजते. आणि कुठे मन दुखतं तेही लक्षात येतं: जिथे कुणीतरी शेवटी दारात येतं तिथे. विमानतळ, मिठी, आईच्या हाताला लागलेलं पीठ. डोळ्यांत पाणी येतं, खोटं कशाला बोलू. येतं आणि त्याच क्षणी आपल्याला कुणीतरी कोपराने ढोसून रडवलंय असंही वाटतं. आमच्याकडचं कुणी असं दारात येत नाही. म्हणजे येतं, पण आधी कळवून, आणि आल्या आल्या ‘बस किती उशिरा’ यावर बोलतं.

आप्पांच्या मोबाईलला आता दिवसभर बोलता येईल असा रिचार्ज भाऊ मारतो. त्याने त्यांना चार वेळा समजावलंय की आता तोडायची गरज नाही, बोला कितीही. ते मान डोलावतात. रोज साडेआठला माझ्या फोनवर एक रिंग येते आणि तुटते, मग मी एक देते. व्हिडिओ कॉल भाऊ लावून देतो, तो रविवारचा, तो कानाचा. पण साडेआठची रिंग त्यांची स्वतःची. गेल्या पावसाळ्यात फोन हातातच होता, काहीतरी बघत होते, आणि त्यांचं नाव आलं तेव्हा अंगठा पडला. कॉल लागला. पलीकडे आधी शांतता, मग पावसाचा पत्र्यावरचा आवाज.

‘काय झालं?’ आप्पा म्हणाले.

‘काही नाही. चुकून.’

‘बरं बरं,’ म्हणाले, आणि दोघांनाही पुढे काय बोलायचं ते सुचेना. ‘पाऊस आहे का तिकडं’ वगैरे झालं. फोन ठेवल्यावर मिनिटाभराने पुन्हा एक रिंग आली आणि तुटली. मी उलट एक दिली.

हे सगळं त्या दुपारी वैशालीत मला आठवलं नव्हतं. आठवलं ते बिल देऊन बाहेर पडल्यावर, ज्ञानेश्वर पादुका चौकापर्यंत चालत गेल्यावर. एका दुकानाबाहेर मोबाईल कव्हरांचा ढीग होता, विक्रेता दोन कव्हरं एकमेकांवर आपटून टक टक वाजवत होता, आणि ‘क्लायंटला आवडेल’ हे त्या मुलीचं वाक्य डोक्यात आलं, त्यामागोमाग ते परीक्षक, काजळाची मिशी, स्वारगेट. मी तशीच मागे फिरले. भर उन्हात, दुचाक्या चुकवत, जवळजवळ पळत. नातवाला येऊ देऊ नकोस, एवढं सांगायचं होतं. आणि हो, लावतात, माझे वडील लावतात कानाला. पाळीला भोक आहे, ते काढ हवं तर.

टेबलावर चौघं जण बसले होते, दुसरेच. एक लहान मुलगी इडलीत बोट खुपसत होती. त्यांच्या पायांशी, खुर्च्यांखाली उगाच नजर टाकली, जर्नलचा एखादा कागद पडला असेल म्हणून. नावं लिहिणारा पॅड घेऊन जवळ आला. त्याने मला ओळखलं.

‘काय राहिलं, मॅडम? मोबाईल का?’

मोबाईल माझ्या हातातच होता.